पाल्याची जुडी

गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात,
दोडक्यांच्या पलीकडे गोणपाट अंथरून
एक बाई शेवग्याचा पाला विकत होती.
शेंगा नाहीत. नुसता पाला.
दहाला जुडी.

मी थांबले.
मागून एकाची स्कूटर पिशवीला घासून गेली,
तरी थांबले.

दावाओत मारिविक संध्याकाळी
कुंपणावरून हात लांबवून असाच पाला ओरबाडायची.
झाड शेजाऱ्याचं. विचारायची,
म्हणजे तोडून झाल्यावर ओरडून सांगायची.
सगळे तिला आते म्हणत.
त्यांच्याकडे आते म्हणजे थोरली बहीण;
मी आपली आते समजून
पहिल्या दिवशी वाकून नमस्कार केला.
ती घाबरून दोन पावलं मागे सरली.

तिच्या माडीवर सहा वर्षं राहिले
हाडांची नावं पाठ करत.
खाली पातेल्यात आल्याचं पाणी, कोंबडी, कच्ची पपई,
आणि गॅस बंद करता करता
मूठभर पाला.
पहिल्या वर्षी तो रस्सा औषधासारखा प्यायले.
दुसऱ्या वर्षी वाडगा मीच पुढे केला.

आमच्या मखमलाबादच्या घरी
दारातच आहे हे झाड, मी म्हटलं.
म्हणजे तुम्ही श्रीमंत, ती म्हणाली.
आई रोज सकाळी तो पाला झाडते
आणि आठवड्याचा ढीग पेटवते,
हे मी सांगितलं नाही.

शेजाऱ्याच्या त्या झाडाला शेंगाही होत्या,
वाळून काळ्या पडलेल्या, दुपारी तडकणाऱ्या.
या कोण खातं?
कोणी नाही. का, तुम्ही खाता?
एका रविवारी मी आमटी केली, चिंच-गूळ घालून,
भाताच्या कुकरात, दुसरं भांडं नव्हतं म्हणून.
तिनं शेंग अख्खी चावली,
चोथ्यासकट गिळली,
आणि बराच वेळ काही बोलली नाही.
चोथा टाकायचा असतो
हे कधी कुणी कुणाला सांगतं का?

आता मी सातपूरच्या एका दवाखान्यात
लोकांचं बीपी मोजते.
इथली परीक्षा दोनदा दिली.
पहिल्यांदा अकरा गुणांनी गेली, मग चार.
लग्नाकार्यात काका विचारतात,
तिकडे काय काय खाल्लंस गं, आणि डोळा मारतात.
मी केळ्यांचं सांगते.
काडीला टोचलेली, साखरेत तळलेली,
कढईत साखर आधी रुसते, मग चिकटते, मग चकाकते...
जरा लांबवूनच सांगते,
म्हणजे पुढचा प्रश्न निकालाचा येत नाही.

तुम्ही खाता? पालेवाल्या बाईनं विचारलं,
का सशाला नेता?
खाते, म्हटलं.
कशात घालता?
कोंबडीत.
ती हसली. वरचा एक दात नव्हता.
आमच्या सुरगाण्याला डाळीत घालतात, म्हणाली,
रोज कोंबडी कोण देतंय.
आणि न मागता
एक मूठ वर टाकली.

घरी आले तर आई झाडाखालीच होती,
हातात खराटा.
तिनं पिशवीत डोकावून पाहिलं,
मग वर झाडाकडे,
मग पुन्हा पिशवीत.
विकत आणलास?
दहा रुपये देऊन?

मी काय सांगणार होते.
दारचा पाला मी कितीदा हातात घेतला होता,
पण त्याला मारिविकच्या ओट्याचा वास आला नव्हता.
गोणपाटावरच्याला आला.
त्याला मी काय करू.

आत जाऊन आलं ठेचायला घेतलं.
कोंबडी नव्हती, चतुर्थी होती,
पपईही नव्हती, दुधी होता.
पाला धुतला. देठं काढायला
वाटलं होतं त्याहून जास्त वेळ लागला,
तिथे हे काम नेहमी तीच करायची.

बाहेर खराट्याचा आवाज थांबलेला.
थोड्या वेळानं आई उंबऱ्याशी आली,
ताटलीतला हिरवा ढीग बघत उभी राहिली.

मग उद्यापासून, ती म्हणाली,
झाडू, का नको?